हिवाळी स्टीलहेडची फ्लाय घरी बांधताना: पहिल्या मोसमासाठी

सिएटल, पोर्टलंड, व्हँकुव्हरच्या पट्ट्यात राहायला आलेल्या आणि फ्लाय फिशिंगचा नाद लागलेल्या मंडळींची गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. उन्हाळ्यात ट्राउट मिळतो, बारक्या फ्लाय (हुकावर पिसं, केस बांधून केलेली आमिषं) बांधून होतात आणि मग कुणीतरी स्टीलहेडचं नाव काढतं. दुकानात जावं तर या मोठ्या फ्लाय महाग, आणि पहिल्याच दिवशी त्यातल्या निम्म्या तळाच्या दगडांत अडकून जातात. घरी बांधायचं ठरवलं तर व्हिडिओ इतके आणि साहित्य इतकं की काय घ्यायचं आणि काय सोडायचं तेच कळत नाही. हे सगळं लिहितोय ते त्या गोंधळात सापडलेल्यांसाठी. व्हाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंज्यात, हुक पकडून त्यावर दोरा चढवता येतो एवढं धरून चाललोय. तेवढंही येत नसेल तरी बिघडत नाही. या फ्लाय आकाराने मोठ्या, त्यामुळे हाताला ट्राउटच्या फ्लायपेक्षा सोप्याच जातात.

आधी माशाबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावरून ठरतं. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन, मोठा होऊन नदीत परतलेला रेनबो ट्राउटच. जात एकच, ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. १९६९ पासून तो वॉशिंग्टनचा राज्यमासा आहे. साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते एप्रिल या काळात नदीत शिरतात ते हिवाळी स्टीलहेड. वसंतात अंडी घालायची म्हणून ते तयार होऊनच येतात आणि नदीत आल्यावर त्यांचं खाणं जवळजवळ थांबतं. त्यात पाणी ३८ ते ४५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३ ते ७ अंश सेल्सिअस. एवढ्या गारठ्यात मासा तळाजवळ, संथ धारेत बसून राहतो आणि फ्लायसाठी दहा फूट धावून येत नाही. तो तोंड मारतो ते भुकेपोटी कमी आणि चिडून किंवा सवयीने जास्त. म्हणजे फ्लाय त्याच्या पातळीला, त्याच्या समोरून, हळू आणि जिवंत वाटेल अशी जायला हवी. किड्याची हुबेहूब नक्कल इथे लागत नाही.

## १. व्हाइस मांडायच्या आधी नियम बघा

कंटाळवाणं आहे, पण फ्लायला कुठला हुक लावायचा तेही नियमांवरच ठरतं. वॉशिंग्टनमध्ये परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं असतं. डिसेंबरात काढलेला वार्षिक परवाना ३१ मार्चला संपतो आणि ऐन मोसमात नवा काढावा लागतो. नवे लोक इथे हमखास फसतात.

जवळ हवं ते असं:

- गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना. रहिवाशाच्या दरात हवा असेल तर राज्यात सलग ९० दिवस पक्कं घर असल्याचं दाखवता यायला हवं. भारतातून आलेल्या आई-वडिलांना रॉड हातात द्यायचा असेल तर त्यांचा वेगळा, अनिवासी परवाना.
- कॅच रेकॉर्ड कार्ड, म्हणजे पकडलेले मासे नोंदवायचं कार्ड. स्टीलहेडसाठी ते लागतंच.
- सरकारी ओळखपत्र.
- गाडी लावायचा पास. राज्य उद्यानांत डिस्कव्हर पास चालतो. फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या जागांसाठीचा पास वार्षिक परवान्याबरोबर मिळतो.

ओरेगॉन आणि ब्रिटिश कोलंबियाचे परवाने वेगळे. ऑलिंपिक नॅशनल पार्कच्या हद्दीतले नियम वेगळे, आणि आदिवासी राष्ट्रांच्या राखीव जमिनीतून वाहणाऱ्या पाण्याचे त्याहून वेगळे. होह किंवा क्विट्स नदीवर गेलात तर एकाच दिवसात या हद्दी ओलांडल्या जाऊ शकतात.

जंगली स्टीलहेड सोडूनच द्यायचा. तो ओळखायचा शेपटीच्या थोडं अलीकडे पाठीवर असलेल्या छोट्या मांसल परावरून. हॅचरीत, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रात, वाढवलेल्या माशाचा हा पर लहानपणीच कापलेला असतो. पर शाबूत असेल तर मासा पाण्याबाहेर पूर्ण उचलायचा नाही, फोटोसाठीही नाही. सिएटलजवळच्या प्युजेट साउंड या खाडीला मिळणाऱ्या नद्यांतला स्टीलहेड २००७ पासून अमेरिकी केंद्र सरकारच्या यादीत धोक्यात आलेला (थ्रेटन्ड) म्हणून नोंदलेला आहे. त्यातल्याच स्कॅजिट नदीवरचा वसंतातला पकडा-सोडा मोसम कित्येक वर्षं बंद राहून २०१८ च्या एप्रिलमध्ये उघडला, आणि पुढेही दरवर्षी उघडेलच अशी खात्री नसते. मोसमाच्या मधेच तातडीचे नियम निघतात, नद्या बंद होतात. म्हणून निघायच्या आदल्या रात्री खात्याच्या साइटवर त्या नदीचं नाव टाकून बघायचंच.

फ्लाय बांधणाऱ्यासाठी यातून निघतं ते एवढंच: एक हुक, एक टोक, काटा (टोकामागचा उलटा दात) दाबलेला. ब्रिटिश कोलंबियाच्या नद्यांत तर सगळ्यांनाच बिनकाट्याचा एकेरी हुक सक्तीचा आहे. जिथे सक्ती नाही तिथेही मी काटा दाबतोच.

## २. फ्लायकडून काय हवंय ते ठरवा

तीन कामं. फ्लाय बुडली पाहिजे, संथ पाण्यात हलली पाहिजे, आणि पाण्यातून उपसल्यावर झटकन निथळून फेकायला हलकी झाली पाहिजे. नव्या माणसाच्या फ्लाय बहुधा तिसऱ्या कसोटीवर मार खातात. साहित्य भरभरून लावलं की फ्लाय व्हाइसमध्ये भारदस्त दिसते. पाण्यात ती तरंगत राहते आणि फेकताना ओल्या मोज्यासारखी लोंबते.

बुडवायचं निम्मं काम लाइन करते हे लक्षात ठेवा. इथे बहुतेक जण दोन हातांचा स्पे रॉड, त्यावर आखूड आणि जड स्कॅजिट हेड (लाइनचा पुढचा जाड भाग) आणि त्याच्यापुढे बुडणारी टिप असं वापरतात. या पद्धतीला नाव मिळालं तेच स्कॅजिट नदीवरून. टिपवर टी-८, टी-११, टी-१४ असं लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे एका फुटाचं ग्रेनमधलं वजन. १० फूट टी-११ म्हणजे ११० ग्रेन, साधारण ७ ग्रॅम. टिप एवढं वजन ओढत असताना फ्लायवर शिशाचे गोळे लादायची गरज क्वचितच पडते. खोल, जोराच्या धारेत पडते, पण पहिल्या मोसमात तुम्ही तिथे उभं राहूही नये. माणसाच्या चालीने वाहणारी, तीन ते सहा फूट खोल, तळाला नारळाएवढे दगड असलेली धार शोधा.

## ३. साधनं

नवशिक्यांसाठीचे तयार संच मिळतात. ते घेऊ नका. त्यातला व्हाइस मोठा हुक नीट धरत नाही आणि साहित्य ट्राउटचं असतं.

- व्हाइस. पैसे टाकायचे तर इथे टाका. जबडा घट्ट हवा. शँक (फ्लाय जिच्यावर बांधायची ती तार) गोल फिरवून चारी बाजूंनी बघता येईल असा फिरता व्हाइस घेतलात तर इंट्रूडर, म्हणजे पुढे येणारी तिसरी फ्लाय, बांधताना दुवा द्याल.
- सिरॅमिक नळीचा बॉबिन, दोऱ्याची रीळ धरायला. साध्या धातूच्या नळीची कड दोरा कापते.
- दोन कात्र्या. एक बारीक टोकाची, पिसं आणि दोऱ्यासाठी. दुसरी जुनी, तार आणि चकाकीच्या तंतूंसाठी. या दोघींची अदलाबदल झाली की चांगली कात्री महिन्यात बोथट.
- बॉडकिन, म्हणजे मुठीला बसवलेली सुई. दाभण असेल तर तोही चालतो.
- हॅकल प्लायर, पीस पकडून गुंडाळायला.
- व्हिप फिनिशर, शेवटची गाठ (व्हिप फिनिश) मारायला. हातानेही गाठ मारता येते. ज्याला जे जमेल ते.
- तार कापायची पक्कड, साधी पक्कड आणि डोळ्यांवर चष्मा. शँकचा तुकडा उडतो तेव्हा तो खोलीत कुठेही जातो.
- धारदार ब्लेड.
- सुपरग्लू, आपल्या फेव्हिक्विकसारखा पातळ.

दोरा १४० किंवा २१० डेनियरचा घ्या, काळा आणि लाल. लाल कशाला ते पुढे येईल.

## ४. साहित्य, आणि काय आणायचं नाही

पहिल्या मोसमाला एवढं पुरे:

- ३५ आणि ४५ मिलिमीटरचे शँक. म्हणजे एका टोकाला डोळा असलेली सरळ तार, हुक नसलेली.
- आखूड दांड्याचे, ऑक्टोपस घाटाचे हुक, नंबर १ आणि २.
- ३० ते ५० पाउंडाची ब्रेडेड लाइन किंवा आवरण असलेली मऊ तार, हुक मागे जोडण्यासाठी.
- सशाच्या कातडीच्या पाव इंचापेक्षा अरुंद पट्ट्या: काळी, जांभळी, गुलाबी.
- मॅराबू: नारिंगी, गडद गुलाबी, जांभळा, काळा, निळा. आता हे टर्कीच्या पिसांपासूनच करतात.
- श्लॅपेन, म्हणजे कोंबड्याची लांब मऊ पिसं.
- शहामृगाची पिसं आणि गिनी कोंबडीची ठिपकेदार पिसं.
- शेनील (केसाळ, मखमली दोरा) आणि थोडं जाडंभरडं डबिंग (दोऱ्यावर वळायचे मोकळे तंतू).
- फ्लॅशाबूचं, म्हणजे चकाकीच्या तंतूंचं, एक पाकीट. ते पुष्कळ दिवस जातं.
- डंबेल डोळे, म्हणजे फ्लायच्या डोक्याशी बांधायचे डंबेलच्या आकाराचे वजनी डोळे, ५/३२ आणि ३/१६ इंचाचे. शिशाऐवजी पितळी घ्या.
- मण्यांची साखळी. हार्डवेअरच्या दुकानात दिव्याच्या साखळीसाठी मिळते तीच.

आता महत्त्वाचं. भारतात जाताय म्हणून तिकडून पिसं आणायचा मोह होईल. मोरपिसाचे तंतू फ्लायमध्ये सर्रास वापरतात, आणि गावी मोरपिसं पैशापासरी. आणू नका. मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो आणि मोरपिसं देशाबाहेर नेण्यावर भारतात बंदी आहे. आपल्या सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेची पिवळसर ठिपक्यांची मेणचट पिसं जुन्या सॅमन फ्लायमध्ये जंगल कॉक म्हणून मानाने मिरवतात. त्यालाही तेच संरक्षण आहे. इथल्या दुकानात मिळतात ती परदेशात पाळलेल्या कोंबड्यांची, आणि किंमत बघून ती लावायची इच्छा आपोआप जाते. हिवाळी फ्लायला त्यांची गरजही नाही.

इकडेही नदीकाठी पडलेलं पीस खिशात घालू नका. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने बगळा, गरुड, अगदी कावळ्याचंही गळून पडलेलं पीस जवळ ठेवणं गुन्हा आहे. फ्लायच्या जुन्या कृतींत बगळ्याचं पीस दिसलं तर त्याच्या जागी ब्लू इअर्ड फेझंटचं किंवा रंगवलेलं कोंबडीचं लावायचं.

घरच्या आघाडीवर एक सूचना: सशाचे केस सगळीकडे उडतात. घरात शाकाहारी माणसं असतील, आई-सासूबाई मुक्कामाला असतील, तर जेवणाच्या टेबलावर सशाचं कातडं मांडून बसू नका. गॅरेजमधला एक कोपरा आधीच ठरवून घ्या. पिसं आणि कातडी झिपच्या पिशवीत बंद ठेवायची, नाहीतर कसर लागते. नवीन आणलेलं कातडं काही दिवस फ्रीझरमध्ये टाकलं तर बरं, पण ते घरच्यांना सांगून.

## ५. पहिली फ्लाय: सशाच्या पट्टीची लीच

इंट्रूडरने सुरुवात करू नका, व्हिडिओ कितीही मोहात पाडोत. लीच, म्हणजे जळूसारखी फ्लाय, बांधायला सोपी, स्वस्त, आणि मासे तिला धरतातच. सगळी मिळून तीन इंच, म्हणजे साडेसात सेंटिमीटरच्या आसपास ठेवा.

अ. ३५ मिलिमीटरचा शँक व्हाइसमध्ये धरा. डोळ्याच्या मागून दोरा सुरू करून शेवटपर्यंत शेजारी शेजारी वेढे द्या. उघड्या गुळगुळीत तारेवर काहीच टिकत नाही, सगळं गोल फिरतं.

आ. ब्रेडेड लाइनचा पाच-सहा इंचांचा तुकडा दुमडा. दुमडलेलं टोक मागे लूप म्हणून राहील आणि दोन्ही मोकळी टोकं शँकच्या दोन अंगांना येतील असं बांधा. टोकं पुढे डोळ्यातून ओवा, मागे वळवा आणि त्यांच्यावरून घट्ट वेढे द्या. सुपरग्लूचा एक थेंब सगळीकडे पसरू द्या. हा जोड ढिला राहिला तर फ्लाय तुमच्याकडे राहते आणि हुक घेऊन मासा जातो.

शँकच्या मागे लूप किमान एक इंच हवा. कमी असेल तर हुक त्यातून ओवता येत नाही, आणि हुक बदलता येणं हाच तर या रचनेचा फायदा. फार लांब ठेवलात तर हुक शेपटीच्या मागे लोंबतो आणि फेकताना पट्टीला वेटोळं घालतो.

मग सरळ लांब दांड्याचा हुकच का नाही? कारण मोठा मासा उड्या मारतो तेव्हा लांब दांडा तरफेसारखा काम करतो आणि हुक उचकटून निघतो. शिवाय लांब हुक माशाच्या तोंडात खोल इजा करतो. आखूड हुक लूपवर मोकळा हलतो, निसटत नाही आणि माशालाही सोसतो.

इ. डंबेल डोळे. शँकच्या पुढच्या डोळ्यापासून पाच मिलिमीटर जागा सोडा. पाचच काय, सहा सोडा. सगळ्या नवशिक्यांची फ्लाय इथे बिघडते: डोळे अगदी पुढे बांधतात, मग कॉलरला (पुढे गुंडाळायच्या पिसाच्या वेढ्यांना) आणि शेवटच्या गाठीला जागाच उरत नाही आणि पुढचा डोळा दोऱ्याने बुजतो. डोळे बांधताना आधी तिरपे, एकमेकांना छेदणारे वेढे, मग डोळ्यांच्या खालून आडवे वेढे आणि वर ग्लू. बोटाने ढकलून बघा. हलले तर उसवून पुन्हा.

डोळे ज्या बाजूला बांधाल ती बाजू पाण्यात खाली जाते. हुकाचं टोक त्याच्या उलट बाजूला, म्हणजे वर ठेवायचं. तळाच्या दगडांत अडकणं बरंच कमी होतं.

ई. सशाची पट्टी. कापायची ती कातड्याच्या बाजूने, ब्लेडने. कात्रीने कापली की केसही कापले जातात आणि टोकाला बोडकी रेघ दिसते. केस मागच्या दिशेला पडतील अशी पट्टी धरा. उलटी बांधली तर प्रत्येक केस पाण्याला आडवा उभा राहतो आणि फ्लाय फुगते. पुढचं टोक डंबेलच्या मागे बांधा. मागे लूपच्या टोकाशी पट्टी जिथे येते तिथे बॉडकिनने भोक पाडा आणि लूप त्यातून वर काढा. या एका भोकामुळे पट्टी हुकाभोवती गुंडाळली जात नाही. शेपूट हुकाच्या मागे अर्धा इंच, जास्त नाही. लांब शेपटीला मासा मागून चिमटे काढतो आणि हुकापर्यंत पोचत नाही.

उ. फ्लॅशाबूचे चार ते सहा तंतू, दोन्ही बाजूंना वाटून. दिवाळीची झुरमुळ्यांची माळ करायची नाहीये.

ऊ. कॉलर. श्लॅपेनचं पीस टोकाकडून बांधा, म्हणजे आधी आखूड तंतू येतील आणि पुढे लांब होत जातील. पिसाची आतली, खोलगट बाजू मागे. तीन-चार वेढे, प्रत्येक वेढ्याला आधीचे तंतू ओल्या बोटांनी मागे सारत. मग व्हिप फिनिश दोनदा आणि गाठीवर ग्लू. ग्लू शँकच्या डोळ्यात गेला असेल तर ओला असतानाच बॉडकिन घालून मोकळा करा.

ए. हुक शेवटी. लूपचं टोक हुकाच्या डोळ्यातून ओवा, हुकाच्या वाकावरून पलीकडे न्या आणि ओढून घट्ट करा. पकडीने काटा दाबा. हे काम घरीच उरकायचं. गारठलेल्या बोटांनी नदीत उभं राहून काटा दाबताना हुक निसटला की थेट पाण्यात.

अशा सहा बांधा, एकाच रंगाच्या. पहिली आणि सहावी शेजारी ठेवलीत की हात कुठे वळला ते दिसेल.

## ६. दुसरी: मॅराबू

मॅराबू कोरडा असताना कापसाचा बोळा दिसतो आणि भिजल्यावर सुतळीएवढा होतो. त्यामुळे नवा माणूस बिचकून तीनाऐवजी सहा पिसं लावतो. तसं करू नका. मागे डबिंगचा वाटाण्याएवढा गोळा करा, त्याला टेकून पिसं उभी राहतात आणि पाण्याच्या दाबाने पूर्ण मिटत नाहीत.

पिसं निवडताना दांडी बारीक आणि टोकाकडे तंतू भरलेले बघून घ्या. जाड दांडीचं पीस वळत नाही, मोडतं. टोकाकडून बांधा, दांडी थोडी ओली करा, तीन वेढे, मागे सारा, बांधा. मागून पुढे नारिंगी, गडद गुलाबी, जांभळा असं लावलंत की या भागात पॉप्सिकल म्हणून ओळखली जाणारी जुनी फ्लाय झाली. वर चार तंतू चकाकी. डोळे लावायचे नाहीत. ही हलकी फ्लाय उथळ, संथ पाण्यासाठी.

## ७. तिसरी: साधा इंट्रूडर

इंट्रूडर १९९० च्या दशकात एड वॉर्डने आणला. जेरी फ्रेंच आणि स्कॉट हॉवेल ही नावंही त्याच्याबरोबर घेतली जातात. फ्लाय मोठी दिसावी पण साहित्य कमी लागावं, ही त्यातली खरी हुशारी. मागे एक झालर, पुढे एक झालर, मध्ये जवळपास पोकळी. मासा बघतो तो सगळा आकार, आणि फेकताना निथळायचं असतं ते मूठभर तंतूंतलं पाणी.

४५ मिलिमीटरचा शँक, लूप आणि डंबेल डोळे आधीसारखेच. अगदी मागे शेनीलचे दोन वेढे घेऊन उंचवटा करा. त्याच्या पुढे शहामृगाचे आठ-दहा तंतू सगळ्या बाजूंनी सारखे वाटून बांधा. ही पायरी सगळ्यात किचकट. एकदम पुंजका बांधलात तर सगळे एका बाजूला गोळा होतात. दोन-दोन तंतू घ्या, एक सैल वेढा द्या, व्हाइस थोडा फिरवा, पुढचे दोन. सगळे बसले की मग दोरा आवळा. तंतू मागच्या उंचवट्याला टेकून छत्रीसारखे उघडे राहिले पाहिजेत. बोटाने मागे दाबून सोडा, परत उघडले तर जमलं.

मधल्या भागावर शेनील विरळ गुंडाळा. पुढे डोळ्यांच्या मागे पुन्हा उंचवटा, पुन्हा तंतू, यावेळी बारा-पंधरा आणि मागच्या झालरीपर्यंत पोचतील एवढे लांब. त्यावर गिनी कोंबडीच्या पिसाचे दोन वेढे. झालं. व्हिडिओतले लोक यापुढे आणखी सहा थर चढवतात. ते थर बहुतांशी बांधणाऱ्याच्या समाधानाचे.

## ८. रंग आणि वजन

रंगावर इथले लोक रात्र जागवतील. माझं मत विचाराल तर पाण्याची खोली चुकली तर रंग काही वाचवत नाही. तरी सुरुवातीला काळा-निळा आणि गुलाबी-नारिंगी असे दोनच ठेवा. गढूळ पाण्यात आणि संधिप्रकाशात काळा-निळा, कारण तिथे गडद आकृतीच उठून दिसते. दोन ते चार फुटांपर्यंत दिसतं असं हिरवट पाणी असेल, म्हणजे पावसाचा लोंढा ओसरून नदी उतरत असेल, तेव्हा गुलाबी-नारिंगी. पाणी नितळ आणि खूप दिवस पाऊस नसेल तर रंग तोच ठेवून फ्लाय लहान करा, दोन इंचांची.

वजनाकडे मात्र लक्ष द्या. एकच फ्लाय तीन वजनांत बांधायची: डोळे नसलेली, मण्यांच्या साखळीचे डोळे लावलेली आणि पितळी डंबेलची. डब्यात त्या सारख्याच दिसतात, डोळे पिसांत लपलेले असतात. म्हणून डंबेलवाल्या फ्लायचं डोकं लाल दोऱ्याने संपवा, बाकीच्यांचं काळ्या. लाल दोरा घ्यायला सांगितला तो यासाठी. हातमोजे घातलेल्या बोटांनी वजन जोखता येत नाही, लाल डोकं मात्र लगेच दिसतं.

## ९. नदीवर जायच्या आधी बादली

नवी फ्लाय बादलीत बुडवून दोऱ्याने हळू ओढा. बघायचं ते असं: हुकाचं टोक वर राहतंय का, शेपूट हलतेय की काठीसारखी ताठ आहे, झालर मिटतेय का. मग बाहेर काढून तशीच धरून ठेवा. पाण्याची धार दोन-तीन सेकंदांत तुटून थेंबांवर यायला हवी. धार लागूनच राहिली तर साहित्य जास्त झालंय. कात्री घ्या आणि खालच्या बाजूचे तंतू मुळाशी विरळ करा. टोकं सरळ छाटायची नाहीत, बोथट टोकांचे तंतू हलत नाहीत.

कमी वाटणारी फ्लाय बहुधा बरोबर असते.

## १०. पाण्यात उतरल्यावर

लीडर, म्हणजे टिप आणि फ्लाय यांना जोडणारी बारीक लाइन, आखूड ठेवा, तीन ते चार फूट. लांब लीडरवर टिप खाली जाते आणि फ्लाय वर तरंगत राहते, म्हणजे घरी केलेली वजनाची सगळी आखणी वाया. फ्लाय सैल लूपच्या गाठीने बांधा म्हणजे तिला हलायला मोकळीक मिळते.

धारेला तिरपी, खालच्या अंगाला फेक. लाइन एकदा वरच्या बाजूला उचलून टाका आणि फ्लायला बुडायला वेळ द्या. मग ती आपोआप काठाकडे वळत येऊ द्या. शेवटी ती तुमच्या सरळ खाली आली की लगेच ओढू नका, थोडी तिथेच लोंबू द्या. कित्येक मासे तिथेच धरतात. दोन पावलं खाली सरका, पुन्हा फेका. ओढ जाणवली तर झटका मारू नका. मासा वळून लाइन ताणू दे, मग रॉड काठाच्या बाजूला आडवा न्या.

फ्लाय प्रत्येक फेकीत तळाला घासत असेल तर वजन कमी करा. कधीच लागत नसेल तर लाल डोक्याची काढा. दगडाला लागून गेल्यावर दर वेळी हुकाचं टोक नखावर हलकं टेकवून बघा. रुतलं तर धार आहे, घसरलं तर नाही. छोटी कानस खिशात हवी, पण टोक वाकलं असेल तर कानस लावत बसू नका. लूप मागे सारून हुक काढा आणि नवा ओवा. पाच-सहा सुटे हुक, काटे आधीच दाबलेले, जॅकेटच्या खिशात वेगळ्या डबीत ठेवा.

घरी आल्यावर फ्लायचा डबा बंद ठेवू नका. सशाचं कातडं पाणी धरून ठेवतं, हुक दोन दिवसांत गंजतात आणि गंजाचे डाग पिसांवर उतरतात. वापरलेल्या फ्लाय वर्तमानपत्रावर पसरून रात्रभर वाळवा. हीटरवर ठेवू नका, कातडं कडक होतं आणि पुढच्या वेळी शेपूट हलतच नाही.